उरलेल्या गोळ्या

कुंभकोणमच्या डॉक्टरांनी हरिप्रियाला मलेरियाचं औषध दिलं आणि घशासाठी चाललेल्या गोळ्या थांबवल्या. "दोन्ही एकत्र गेली तर हृदय दगा देईल," त्यांनी तिच्या नवऱ्याला, श्रीकरला बजावलं.

घरी येताच श्रीकरनं उरलेल्या गोळ्या आईच्या हातात ठेवल्या. "अम्मा, ह्या फेकून दे."

"अर्धवट सोडलं की दुखणं उलटतं, बाळा."

"फेक म्हटलं ना!" कारण न सांगताच तो बसकडं धावला.

सकाळी पूजेनंतर तीर्थ घेताना हरिप्रियानं तोंड वाकडं केलं. "अम्मा, आज देवाला कारल्याच्या रसानं न्हाऊ घातलंत?"

"तापाचं तोंड आहे तुझं," सासू हसली.

संध्याकाळी हरिप्रिया अंथरुणातून उठता उठता कोसळली, ती गेलीच.

स्मशानातून परतलेल्या मुलाला आईनं जवळ घेतलं. "आपण काही कमी केलं नाही रे. त्या उरलेल्या गोळ्यासुद्धा मी कुटून तीर्थातून दिल्या तिला."