गरम झालं की बंद

ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला, तोही बागेच्या अगदी मधोमध. मुलाने किल्ली फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं, सुरू काही होईना.

"सकाळी एका किल्लीत सुरू झाला होता," तो वैतागून म्हणाला. "गरम झाला की याचं काय बिनसतं कोण जाणे!"

आई शेडच्या सावलीत उभी होती. शेजारी खुर्चीत बाबा. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची इंजिनं दुरुस्त केली होती. गवत कापायचा हा छोटा ट्रॅक्टरही त्यांनीच भंगारातून आणून उभा केला होता. सात महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी झाली. हातपाय सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. वाचा-उपचार करणारी बाई आठवड्यातून दोनदा यायची. कप, मांजर, छत्री अशी चित्रं पुढे धरायची. बाबा भिंतीकडे तोंड करून बसायचे.

"त्यांना बोलावंसं वाटायला हवं," जाताना ती आईला सांगायची.

मुलगा विमा कंपनीत होता. लहानपणी बाबांनी त्याला पाना धरायला शिकवलं होतं, तेही ओरडून ओरडून.

"मेकॅनिकला फोन करू?" त्याने विचारलं.

"नको. बाहेरच्या माणसाने यांच्या इंजिनाला हात लावलेला यांना खपायचा नाही. तूच बघ."

त्याने पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल केलं. हवा कोंडली असेल तर सुटेल. काही फरक नाही. गरम प्लग काढताना बोटं भाजून घेतली आणि नवा प्लग लावला. तरी नाही. एअर फिल्टर झटकला, फुंकला. यात पाऊण तास गेला, इंजिन गार झालं आणि एका किल्लीत सुरू!

"झाला बाई एकदाचा!" आई म्हणाली.

दोन पट्टे गवत कापून झालं आणि ट्रॅक्टर पुन्हा ढिम्म.

बाबांचा पाय जमिनीवर आपटायला लागला होता. खुर्चीत त्यांची चुळबुळ चालली होती.

"आई, त्यांना आत ने. उगाच त्रास होतोय."

"बसू दे रे."

मुलाने कपाळ पुसलं. "कार्बोरेटरच खोलतो आता," म्हणत त्याने स्क्रू-ड्रायव्हर टेकवला.

"गाढवा!"

त्याचा हात जागच्या जागी थांबला. त्याने वळून पाहिलं. बाबा खुर्चीचे हात घट्ट धरून अर्धे उठले होते. चेहरा लालबुंद, ओठ थरथरत होते.

"कॉ... कॉइल! गरम... झाली की... ठिणगी नाही!"

मुलगा मटकन गवतावरच बसला. लहानपणी 'गाढवा' या एका शब्दाने तो रडवेला व्हायचा. आज तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आईने पदर तोंडाला लावला.

तो धावत जाऊन बाबांना बिलगला. त्यांनी त्याला ढकललं. "आधी... बघ."

त्याने प्लग काढून इंजिनाच्या धातूला टेकवून धरला, आईने किल्ली फिरवली. ठिणगी नाही. खरंच, कॉइल प्लगला ठिणगी देतच नव्हती. बाबांनी मान हलवली, हे कळायला तुला अर्धा दिवस लागला, अशा नजरेने.

त्या दुपारी त्यांनी पाणी मागितलं. मग उशी. मग मुलाच्या पाना धरण्यावर एक वाक्य बोलले, अर्धं अडखळत, पण झोंबेल असं. मुलाने उपचार करणाऱ्या बाईंना फोन करून एकेक शब्द सांगितला. सात महिन्यांचं ओझं कुणीतरी अलगद उतरवून ठेवल्यासारखं घर हलकं झालं होतं.

संध्याकाळी बाबा दमून झोपले. मुलगा स्वयंपाकघरात आला.

"उद्या नवी कॉइल शोधतो. एवढ्या जुन्या मॉडेलची मिळते की नाही, देव जाणे."

आईने ओले हात पुसले. स्टुलावर चढून वरच्या फळीवरच्या डब्यामागून एक फडक्याची पुरचुंडी काढली आणि टेबलावर त्याच्यासमोर सोडली. आत स्वच्छ पुसलेली कॉइल होती.

"नवी कशाला? चांगली ही आहे. आत्ता ट्रॅक्टरला आहे ती यांनीच कधीतरी बिघडली म्हणून टाकून दिलेली. शनिवारी तू यांना दवाखान्यात घेऊन गेलास ना, तेव्हा मीच बसवली."