उलटं फूटप्रिंट

अखेर बाईंची चूक सापडली. मोटर चालवणाऱ्या एका जुन्या चिपच्या फूटप्रिंटमध्ये पिनांचे आकडे उलटे पडले होते, चिप पालथी घालून मोजावेत तसे. तो खुर्चीत मागे रेलून बसला. त्याला मनापासून आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाजही वाटली नाही.

सर्किटच्या आकृतीत प्रत्येक भागाचं सिम्बॉल काढायचं काम त्याचं. त्या भागाच्या पिना बोर्डावर जिथे टेकतात, ते फूटप्रिंट बाई काढायच्या. नोकरीला लागल्यापासून बाई त्याला धारेवर धरत आल्या होत्या. ही रेघ जरा सरकव, ती पिन डावीकडे घे, नाव नीट लिही. ऑफिस त्यांना पाठीमागे हेडबाई म्हणायचं. आता ही सगळी सिम्बॉलं आणि फूटप्रिंटं ठेवणाऱ्या लायब्ररीचं प्रमुखपद दोघांपैकी एकाला मिळणार होतं. त्याला ते हवंच होतं, आणि बाईंच्या नाकावर टिच्चून हवं होतं.

त्याने साहेबांना स्क्रीन दाखवला. साहेब नुकतेच आलेले, पिनांच्या भानगडीत न पडणारे. पण उलटं आहे एवढं त्यांनाही दिसलं. त्यांनी बाईंना बोलावून घेतलं. बाईंनी चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं.

"हो, उलटंच आहे," त्या म्हणाल्या. "मीच काढलंय."

जेवणाच्या सुट्टीआधी त्याचं नाव जाहीर झालं. लोक पाठ थोपटून गेले. स्वारी हवेत होती.

दुपारी फूटप्रिंट सुधारायला बसला आणि त्याचा हात थांबला. पिना उलट्या, तर इतकी वर्षं हे बोर्ड चालले कसे? एकही जळून परत आला नव्हता. त्याने त्याच चिपचं सिम्बॉल उघडलं. तेही उलटं होतं. दोन्हीकडे तोच घोळ, म्हणून प्रत्येक जोडणी बरोबर जागी पोचत होती. आणि सिम्बॉल त्याचं होतं, नोकरीला लागल्या लागल्या काढलेलं.

बाई टेबल आवरत होत्या. तुम्हाला हे तेव्हापासून माहीत होतं का, असं त्याने विचारलं. त्यांनी मान डोलावली.

"मग तेव्हाच सांगायचं ना, बाई. मी लगेच सुधारलं असतं."

"तुझं सिम्बॉल जुन्या साहेबांच्या सहीने पास झालं होतं," बाई नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. "ते बदलायचं तर त्यांच्याकडे जावं लागलं असतं. त्यांनी असल्याच चुकीपायी तुझ्या आधीच्याला घरी पाठवलं होतं, आणि तू तर अजून नोकरीत पक्का नव्हतास. फूटप्रिंटला माझी एकटीची सही पुरायची."