जुन्या डिस्कला कार्ड

दुकानदाराने कॉम्प्युटरला डिस्क जोडायची दोन कंट्रोलर कार्डं काउंटरवर ठेवली. "काका, डोळे मिटून हे नवीन घ्या. यावर नवी डिस्क लावली की काम झटपट आणि आवाज नावाला नाही."

काकांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली जुनी हार्डडिस्क काढली. "ही चालेल त्यावर?"

"छे. हिची ती रुंद पट्टीची केबल आता कुठेच बसत नाही. हिला हे दुसरं, जुन्या पद्धतीचं कार्ड लागेल. पण कशाला त्या भानगडीत पडता? आत जे काही आहे ते मी नव्या डिस्कवर उतरवून देतो."

"ते मुलाने केव्हाच उतरवून घेतलं. आमच्या हिचं सगळं लिखाण आता त्याच्याकडे आहे."

"मग या डबड्यात राहिलंय काय?"

काकांनी जुन्या कार्डावर बोट ठेवलं.

दुकानदाराने कपाळाला हात लावला, पण कार्ड आपल्या कॉम्प्युटरमध्ये बसवून डिस्क जोडली. ती आधी घरघरली, मग कुरकुरत फिरू लागली.

"ऐकलंत? घरी नेलीत तर दिवसभर डोकं उठवेल. करतो बंद."

काकांनी त्याचा हात धरला.

"एवढ्यात नको. दुपारी मी आडवा झालो की आमची ही शेजारच्या खोलीत लिहायला बसायची. भिंतीतून हाच आवाज यायचा. तो थांबला, की चहाला हाक यायची."