एकच खाट

दारावर थाप पडली तेव्हा आई लेकीच्या स्वेटरची बटणं नीट करत होती. घाईत वरचं बटण भलत्याच काजात गेलं होतं.

"फादर आले," आई म्हणाली. "तू बसून राहा. मी बोलते."

"बरं," लेक म्हणाली.

आई सत्त्याऐंशीची, लेक चौसष्टची. लेक तेहतीस वर्षं पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेली. लग्न केलं नाही. दोघी हातात हात घालून चर्चमध्ये मिस्सेला यायच्या, तेव्हा मागच्या बाकावरच्या बायका म्हणायच्या, "लेक असावी तर अशी. म्हातारीचा हात सोडत नाही."

फादर नवे होते. चार महिन्यांपूर्वीच बदलून आलेले, वयानं नातवासारखे. आईनं आजवर सात फादर पाहिले. सातांच्याही काळात वेदीवरची वस्त्रं तिच्याच घरी धुतली गेली, तिच्याच हातची खळ आणि इस्त्री. पासष्ट वर्षांत तिची मिस्सा चुकली ती दोन बाळंतपणांत आणि नवरा गेला त्या आठवड्यात. फादर घरी येणार म्हटलं की ती टेबलावर नवा टेबलक्लॉथ घालायची. आज तिनं सकाळपासून तीनदा दाराची कडी तपासली होती.

फादरांनी खुर्ची ओढली. त्यांची नजर फळीवर गेली. डब्यांवर मोठ्या अक्षरांचे कागद चिकटवलेले. साखर. मीठ. साबणाची पूड, खायची नाही.

"हे कुणी लावलं, आजी?"

"मीच. या वयात डोक्याचा काय भरवसा?"

"चहा घेणार ना, फादर?" लेकीनं विचारलं आणि ती उठू लागली.

"नको ताई, आत्ताच झाला."

"तू बस गं," आईनं तिचा हात दाबून तिला खाली बसवलं.

"रविवारचं कळलं मला," फादर म्हणाले. रविवारी मिस्सेनंतर दोघी भलत्याच बसनं पार शेवटच्या थांब्यावर पोचल्या होत्या. तिथल्या फुलवालीनं ओळखलं म्हणून निभावलं.

"मीच चढले चुकून. ही बिचारी आली माझ्यामागून."

"आणि शेजारी म्हणतात, गॅस दोनदा उघडा राहिला."

"तोही मीच. सगळं मीच हो, फादर. आता काय, शिक्षा करणार म्हातारीला?"

ती हसली, पण हसू मध्येच अडकलं.

"चहा घेणार ना?" लेक म्हणाली.

"ताईंचा आग्रह भारी आहे!" फादरही हसले. मग गंभीर झाले. "आजी, तुमच्या मुलाशी फोनवर बोललो मी. तो इतक्या लांबून काय करणार? सिस्टरांच्या वृद्धाश्रमात एक खाट रिकामी झालीय. उद्या सकाळी गाडी येईल."

फादर रागावतील, डॉक्टरकडे न्या म्हणतील, एवढं आईनं धरलं होतं. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"एकच खाट?"

"एकच. घाबरता काय? तिथं आतच चॅपल आहे. उठलात की मिस्सा, झोपताना जपमाळ. तुम्हाला तर स्वर्गाआधीचा स्वर्ग!"

"आणि ही?"

"ताईंनी तरी किती वर्षं करायचं? त्यांनाही जरा मोकळं होऊ द्या." ते लेकीकडे वळले. "खरं सांगा ताई, झेपतं का सगळं?"

"आई आहे ना," लेक म्हणाली. "होतं सगळं."

फादरांचा आवाज हळवा झाला. "बघा. तक्रारीचा एक शब्द नाही."

"मी ठणठणीत आहे," आई घाईघाईनं म्हणाली. "विचारा काहीही. आज मंगळवार, सतरा तारीख. रविवारी तुम्ही प्रवचनात मेंढपाळाची गोष्ट सांगितलीत आणि चष्मा दोनदा पुसलात. विचारा ना!"

"मघाशी तर म्हणालात, डोक्याचा भरवसा नाही."

"खोटं बोलले मी."

"आजी," फादर म्हणाले. लहान मुलाला म्हणतात तसं.

"खरंच खोटं बोलले. बस माझी नव्हती चुकली. गॅससुद्धा..."

ती थांबली. समोर लेक बसली होती. वर्गात पहिल्या बाकावर बसावं तशी, हात मांडीवर ठेवून, आईकडे बघत, छान हसत. आईनं ओठ मिटून घेतले. हिच्यासमोर कसं बोलायचं?

फादरांनी पिशवीतून अर्ज काढला. "नातेवाइकाची संमती लागते. ताई, इथं खाली सही करा."

"ती नाही करणार," आई म्हणाली आणि तिनं लेकीचं मनगट घट्ट धरलं. प्रार्थना ओठांवर आली, पण जन्मभर पाठ असलेले शब्दही मागेपुढे व्हायला लागले.

"आजी, त्यांना ठरवू द्या." फादरांनी तिची बोटं हळूच, एकेक करून सोडवली.

लेकीनं पेन घेतलं. पोस्टातली सवय, पेन कसं ऐटीत धरलं! कागद सरळ केला, डावा तळहात वर ठेवला आणि लिहू लागली. जीभ ओठांच्या कोपऱ्यात. एक ओळ झाली, तरी ती लिहीतच होती.

"ताई, नुसती सही पुरे," फादर म्हणाले.

तिनं मान वर केली नाही. सगळं लिहून झाल्यावर पूर्णविराम दिला आणि कागद दोन्ही हातांनी फादरांपुढे धरला.

फादर तो घडी घालायला गेले आणि थबकले. सहीच्या चौकोनात, रोज गिरवून बसलेल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं:

'मी हरवले आहे. मला माझ्या आईकडे पोचवा.'