सख्खी

“माझं रक्त कशाला हवंय तुला?” ताईनं विचारलं. हातातल्या चष्म्याची काडी सरळच होती, तरी ती तिला वाकवून बघत राहिली.

धाकटा भाऊ तिच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरपाशी उभा होता. आई गेल्यापासून तो इकडे फिरकला नव्हता. गळ्यावर ऑपरेशनची आडवी, ताजी खूण होती.

“थायरॉइडचा कॅन्सर निघाला,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “डॉक्टर म्हणतात, दोष जनुकातच आहे, बाबांकडून आलेला. बाबांनाही गाठच झाली होती ना गळ्यात? सख्ख्या भावंडांनी तपासून घ्यावं म्हणतात.”

सख्ख्या. ताईच्या कपाळाला आठी पडली.

तिचे डोळे घारे होते. घरात दुसऱ्या कुणाचेच नव्हते. “ही कुणावर गेली, देव जाणे,” असं आत्या चारचौघांत म्हणायची आणि आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. आता आई नव्हती आणि घर विकायला काढलं होतं. नेमकी आत्ताच भावाला रक्ताची आठवण व्हावी? कुठंतरी पाणी मुरतंय, असं तिला वाटलं. एकदा रक्त हाती लागलं, की त्यातून काय काय तपासून घेतील, कुणी सांगावं. बाबांची नाही म्हटलं, की वाटाही नाही.

“तपासून घेते,” ती म्हणाली. “पण मी म्हणेन त्या दवाखान्यात.”

“चालेल.”

तो इतक्या सहज कबूल झाला, याचाच तिला जास्त संशय आला.

निकालाच्या दिवशी तो तिच्याआधीच येऊन बसला होता. सारखा उठत होता, पाणी पीत होता, तिच्या नजरेला नजर देत नव्हता. चोराच्या मनात चांदणं, ताई मनात म्हणाली.

डॉक्टरांनी दोघांना आत बोलावलं.

“तोच बदल तुमच्यातही आहे,” डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या. “वडिलांकडून आलेला. पण सोनोग्राफीत गाठ नाही. वेळेत आलात. ग्रंथी काढून टाकू, मग जन्मभर रोज एक गोळी घ्यावी लागेल.”

पुढचं ताईला नीट ऐकूच आलं नाही. वडिलांकडून. एवढा एकच शब्द तिच्या कानात राहिला. ती ताठ बसली आणि भावाकडे वळली.

“झालं समाधान? बाबांचीच आहे मी.”

भावानं तोंड ओंजळीत लपवलं होतं. त्याचे खांदे हलत होते.

“त्या बोलण्यापायी आत्याशी जन्मभर भांडलो मी,” तो म्हणाला. “पण तू रक्त दिल्यापासून देवाकडे एकच मागत होतो, ताई. एवढ्या एका बाबतीत तिचं खरं निघू दे.”