बाळाची आत्या

बारशाला ऑफिसची मंडळी जरा लवकरच आली आणि पाळणा सजेपर्यंत त्यांना काहीतरी उद्योग हवा होता. जुन्या बायकांची नावं आठवायचा खेळ सुरू झाला. ज्याचं नाव सगळ्यांत गावंढळ, तो जिंकला.

"ठकूबाई," दिग्विजय म्हणाला.

"कोंडाबाई. आमच्या शेजारीच राहायच्या," भाग्यश्रीनं सांगितलं.

विश्रांतवाडीच्या त्या नव्या फ्लॅटमध्ये हशा पिकला. योगेश यजमान, शिवाय मुलीचा बाप. तो मागे कसा राहणार? त्याच्या तोंडून फटकन निघून गेलं, "हौसा."

"हौसा डॉट कॉम!" दिग्विजय म्हणाला, आणि भाग्यश्रीच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. योगेश जिंकला.

तेवढ्यात त्याची थोरली बहीण घुगऱ्यांचं ताट घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. लोणी काळभोरहून ती पहाटेच निघाली होती, भिजवलेले हरभरे आणि भाचीसाठी स्वतः शिवलेली कुंची घेऊन. आतलं दार उघडंच होतं. तिनं सगळं ऐकलं असणार.

"माझी अक्का," योगेश घाईनं म्हणाला. "बाळाची आत्या."

"म्हणजे कानात नाव यांनीच सांगायचं," भाग्यश्री म्हणाली. "तुमचं नाव काय हो?"

अक्कानं तोंड उघडलं, पण योगेश आधी बोलून गेला.

"हेमा."

अक्कानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग ताट पुढं केलं. "घ्या ना. गरम हायेत."

स्वतःची इतकी लाज योगेशला कधी वाटली नव्हती. तो तिच्या मागोमाग आत गेला. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून कुंचीचे बंद ओढून बघत होती.

"अक्का, मी आत्ता जाऊन सांगतो त्यांना."

"काय सांगशील? कुणाच्या नावाला हसत व्हतास ते?" तिचा आवाज चढला नाही. "लेकीचं बारसं हाय. चल, पाळण्यापाशी."

ती पाळण्यावर वाकली. नम्रतानं, योगेशच्या बायकोनं, निवडलेलं नाव तिनं बाळाच्या कानात सांगितलं. अनुष्का. रीतीप्रमाणे बायकांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले आणि तीही सगळ्यांबरोबर हसली. ती उठली की चारचौघांत खरं सांगून टाकायचं, असं योगेशनं मनाशी पक्कं केलं. ती उठली. समोर दिग्विजय उभा होता. शुभकार्यात उगाच शोभा कशाला, सावकाश सांगू, असं म्हणत योगेशनं पेढ्यांचा बॉक्स उचलला.

"हेमाताई, फोटोला या ना," भाग्यश्रीनं हाक मारली.

अक्कानं वळू नये, असं योगेशला फार वाटलं. निदान दुसऱ्या हाकेपर्यंत तरी.

ती पहिल्याच हाकेला वळली. पदर नीट केला आणि म्हणाली, "आले."