थंडाईची पाळी

सर्जेराव पैलवानाच्या दंडावर तीन महिने खुराकाची पट्टी होती. अंगाला लागेल ते सगळं ती थेट रक्तात सोडायची; भूक पार मेली होती. तपासणीचे आकडे बघून डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "ताकद वाढली, दमही वाढला. कायमची बसवू या?"

"सांगतो," म्हणून तो तालमीत आला आणि कुंडीत बदाम घोटू लागला.

म्हातारे वस्ताद म्हणाले, "तू थंडाई पीत न्हाईस, मग घोटतोस कशाला रं?"

"आज पाळी माझी हाय, वस्ताद."

सगळ्यांचे पेले भरून झाल्यावर त्याने स्वतःचाही भरला, ओठांना लावला. चव तीच होती, पण घोट गिळावासा वाटेना.

त्याने दंडावरची पट्टी सोलून काढली, पेला समोर ठेवला आणि भुकेची वाट बघत बसला.